मामाचा बेस आणि तारांचं टेन्शन

डोंबिवलीहून सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात बेस गिटार घेऊन चढायचं असेल तर दोन गोष्टी लागतात. एक, निगरगट्टपणा. दोन, ‘यात काय आहे गं?’ या प्रश्नाचं तयार उत्तर. माझ्या पाठीवरच्या चार फुटी बॅगेत सतार आहे का, क्रिकेटचं किट आहे का, इस्त्रीचं टेबल आहे का, सगळं विचारून झालंय. त्या दिवशी मात्र मी कुणालाच उत्तर दिलं नाही. बॅगेत मामाचा बेस होता आणि मी त्याची पार वाट लावली होती.

मामा कल्याणचा, पारनाक्याजवळचा. नोकरी बँकेत, पण खरा जीव ऑर्केस्ट्रात. गणपती, नवरात्र, लग्नाची रिसेप्शन्स; कल्याणचं अत्रे रंगमंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन... वीसेक वर्षं तो स्टेजवर मागच्या रांगेत, ड्रमरच्या शेजारी उभा होता. माझ्या लहानपणीच्या फोटोंमध्ये गायक दिसतात, निवेदक दिसतो, मामाचा फक्त कोपर दिसतो. बेसिस्टचं हे असंच असतं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या हाताची बोटं आखडायला लागली, तेव्हा त्याने त्याचा जुना जपानी बेस माझ्या हातात दिला. ‘वाजव. पण फार उपद्व्याप करू नकोस,’ एवढंच म्हणाला.

मी उपद्व्याप केले.

झालं असं, की आमच्या बँडला (एक आयटीवाला, एक सीए, एक फिजिओथेरपिस्ट आणि मी) घोडबंदर रोडवरच्या एका कॅफेत गिग मिळाली. प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग ऐकलं तर बेस गायब! फोनच्या स्पीकरवर फक्त ‘धुम् धुम्’ असा भास. मामाच्या बेसवर जुन्या फ्लॅटवाउंड तारा होत्या, कैक वर्षं न बदललेल्या, काळपट पडलेल्या. मी ठरवलं, मेकओव्हर करायचा. नव्या राउंडवाउंड तारा ऑनलाइन मागवल्या. त्याच झटक्यात एक जाडजूड, चकचकीत ब्रिजही मागवला, कारण व्हिडिओतला एक दाढीवाला म्हणाला होता की जड ब्रिजने ‘सस्टेन’ वाढतो, म्हणजे सूर जास्त वेळ टिकतो.

आता ज्यांना हे सगळं ग्रीक वाटतंय त्यांच्यासाठी थोडा फंडा. बेसची सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. एवढा खालचा सूर फोनच्या चिमुकल्या स्पीकरला काढताच येत नाही. आपल्याला जो बेस ऐकू येतो तो त्या सुराच्या वरच्या पटींमधून, मूळ सूर आपला मेंदूच भरून काढतो. राउंडवाउंड तारेवर गोल वायर गुंडाळलेली असते, हाताला खरखरीत लागते आणि त्या वरच्या पटी भरपूर देते. फ्लॅटवाउंडवर सपाट पट्टी गुंडाळलेली असते, गुळगुळीत. तिचा आवाज गोल, गुबगुबीत, थोडा मिटल्या ओठांचा. त्यामुळे तारा बदलायचा माझा विचार चूक नव्हता. चूक होती ती पुढे.

रविवारी दुपारी मी जुन्या तारा पकडीने कटाकट कापल्या. (इथे बेसिस्ट वाचक कपाळावर हात मारतील. कापलेली तार परत लावता येत नाही.) जुना ब्रिज काढला. नव्या ब्रिजची भोकं जुन्या भोकांशी जुळेनात, म्हणून बाबांचं ड्रिल मशीन घेऊन मामाच्या बेसमध्ये दोन नवी भोकं पाडली. हे वाक्य लिहिताना आजही पोटात गोळा येतो.

तारा चढवल्या आणि वाजवलं. पहिल्या तीन-चार फ्रेट्सवर खर्रर्र. वर बाराव्या फ्रेटवर तारा इतक्या उंच की दाबताना बोट दुखेल, आणि दाबलेला सूर चढाच. शिवाय ॲम्पमधून फ्रीजसारखी गुणगुण. त्याच संध्याकाळी मामा आला होता. त्याने दोन मिनिटं हातात घेतला, चार सूर वाजवले आणि खाली ठेवला. ‘चांगला चकचकीत झालाय,’ म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

तर दुसऱ्या दिवशी ती लोकल. ठाणे स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, एक काका गिटारी दुरुस्त करतात. पाटी नाही, आधी फोन करून जायचं. काकांनी बेस टेबलावर आडवा ठेवला, नेकच्या लांबीकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि विचारलं, ‘आधी कुठल्या तारा होत्या?’ मी पिशवीतून कापलेले तुकडे काढले. ते आणले होते हे एकमेव शहाणपण. त्यांनी जाडी मोजली. जुनी ई तार इंचाच्या एकशे दहा हजारांश, नवी शंभर. फरक फक्त पाव मिलिमीटरचा!

‘फक्त?’ काका हसले. तारेचं वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि तोच सूर काढायला तेवढाच जास्त ताण लागतो. म्हणजे ही जाड तार जवळपास वीस टक्के जास्त ओढत होती. एका नेहमीच्या सेटच्या चार तारा मिळून नेकला साधारण ऐंशी किलोंनी पुढे ओढतात. एक बऱ्यापैकी खात्यापित्या घरचा माणूस मानेला लोंबकळतोय असं समजा. त्याला विरोध करायला नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. मामाची सळई जाड तारांच्या ओढीच्या हिशोबाने घट्ट केलेली होती. मी हलक्या तारा लावल्या, ओढ कमी झाली, सळई जिंकली आणि नेक मागे वाकली. म्हणून पहिल्या फ्रेट्सवर तारा लाकडाला खेटून खरखरायला लागल्या. नटच्या, म्हणजे वरच्या टोकाच्या पट्टीच्या खाचा जाड तारांना बेतलेल्या, त्यात बारीक तारा सैल बसून किणकिणत होत्या.

आणि वरच्या टोकाला उंची का? तर माझा तो लाडका ब्रिज. त्याचा तळच जाड, त्यामुळे सॅडल्स (प्रत्येक तार जिच्यावर टेकते ती छोटी घोडी) सगळ्यात खाली आणूनही तारा उंचच. गुणगुणीचं कारण तर लाजिरवाणं निघालं. जुन्या ब्रिजखाली अर्थिंगची एक बारीक वायर दाबून बसवलेली असते. मी ती बाजूला ढकलून दिली होती.

ब्रिजच्या सस्टेनबद्दल विचारलं तर काकांनी सरळ सांगितलं, की असलाच फरक तर बारीक असतो, तारांच्या फरकापुढे काहीच नाही. मला ते पटलं, कारण गुणगुण गेल्यावर मी दोन्ही ब्रिज लावून ऐकलं आणि डोळे मिटून ओळखता आलं नाही. चार-पाच हजार रुपयांचा धडा.

खरं तर ब्रिजचं मुख्य काम वेगळंच आहे. १९५१ साली लिओ फेंडरने अमेरिकेत प्रिसिजन बेस बाजारात आणला. ‘प्रिसिजन’ नाव फ्रेट्समुळे. उभ्या डबल बेसवर बोट अंदाजाने ठेवावं लागे, इथे सूर नेमका. गंमत म्हणजे त्या पहिल्या बेसच्या ब्रिजला चार तारांमध्ये दोनच सॅडल्स होती, त्यामुळे नेमकेपणा थोडा उधारीचाच. प्रत्येक तारेला स्वतःचं सॅडल मिळालं १९५७ मध्ये. कारण जाड तारेला थोडी जास्त लांबी द्यावी लागते, बारीक तारेला कमी. तारांचा सेट बदलला की हे सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

काकांचा क्रम ठरलेला होता आणि त्यात उलटसुलट चालत नाही. आधी सूर लावायचे. मग नेक: पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेटमध्ये किती फट राहते ते बघायचं. ‘तुझं व्हिजिटिंग कार्ड दे.’ कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. ट्रस रॉड एका वेळी पाव वळसा, जास्त नाही, आणि मग चहा. लाकडाला बसायला वेळ द्यावा लागतो. नंतर सॅडलचे स्क्रू फिरवून तारांची उंची, बाराव्या फ्रेटवर दोन-अडीच मिलिमीटर. सगळ्यात शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर सारखे हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. कानावर न सोडता ट्यूनरवर बघायचं. पावसाळ्यात लाकूड हलतं, तेव्हा हे परत. आपल्याकडे वर्षातून दोनदा तरी, काका म्हणाले.

या सगळ्याचे दीड हजार झाले. नवा बेस ईएमआयवर घ्यायच्या विचारात असलेल्यांनी आधी हा खर्च करून पाहावा असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या ओळखीतले निम्मे ‘खराब’ बेस फक्त सेटअप न केलेले आहेत.

पण मग प्रश्न उरला: तारा कुठल्या? इंग्लंडमध्ये साठच्या दशकात ‘द हू’च्या जॉन एंटविसलने राउंडवाउंडचा खणखणाट जगाला ऐकवला. त्याच काळात मोटाउनचा जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड लावून शेकडो गाणी वाजवत होता, आणि तार तुटल्याशिवाय बदलत नव्हता. बोटांचा घाम, तेल, मळ वेढ्यांमध्ये बसतो, वरच्या पटी मरतात आणि तो गुबगुबीत आवाज तयार होतो. ज्यांना चमक हवी ते उलटं करतात, तारा चक्क पाण्यात उकळून मळ काढतात. (मी एकदा केलंय. आईने त्या पातेल्यात पुन्हा चहा केला नाही.) मामाचा आदर्श घरचाच होता, आर. डी. बर्मनकडे बेस वाजवणारे टोनी वाझ. ती गाणी ऑर्केस्ट्रात वाजवायची तर तो आवाज हवा, आणि तो येत होता त्याच जुन्या तारांतून. ज्या मी पकडीने कापल्या.

गिग आम्ही राउंडवाउंडवर वाजवली. बेस ऐकू आला, सीएने मिठी मारली, सगळं छान. दुसऱ्या दिवशी मी मित्राकडून त्याचा पडून असलेला साधा बेस विकत घेतला, माझ्या खणखणाटासाठी. आणि मामाचा बेस परत काकांकडे नेला. जुना ब्रिज लावला. माझी दोन भोकं त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉलने बुजवली. ती ब्रिजखाली झाकली जात नाहीत, दिसतात. त्याच जाडीच्या फ्लॅटवाउंड तारा आणल्या, साडेपाच हजारांच्या, राउंडवाउंडच्या दुपटीहून महाग. ट्रस रॉड पुन्हा घट्ट, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या रविवारी बेस घेऊन कल्याणला गेले. पाऊस होता, मामीने कांदाभजी केली होती. मामाने दोन सूर वाजवून मान हलवली. ‘फार नव्या आहेत. घंटेसारख्या वाजतायत. मुरायला वर्ष-दीड वर्ष लागेल.’ मी म्हटलं, तू वाजव ना मग अधूनमधून. त्याने डावा हात उघडझाप करून पाहिला. मग ताटलीतलं शेवटचं भजं तोंडात टाकलं आणि तशाच तेलकट बोटांनी बेस मांडीवर घेतला.

मी नॅपकिन दिला नाही.