वरच्या बाकांवरून एक तप

2012 च्या उन्हाळ्यात मोनिका मेसन निवृत्त झाल्या आणि लंडनच्या रॉयल बॅलेची सूत्रं केविन ओ'हेअर यांच्या हाती आली. त्याच सुमारास तमारा रोहोने इंग्लिश नॅशनल बॅलेचं प्रमुखपद घेतलं. पुढच्या वर्षी अलिना कोजोकारू आणि योहान कोबोर्ग ही लाडकी जोडीही निघून गेली. कॉव्हेंट गार्डनमधल्या रॉयल ऑपेरा हाउसच्या, म्हणजे या कंपनीच्या घराच्या, वरच्या मजल्यावर तेव्हा मध्यंतरात दुसरा विषय नसायचा: आता बघायचं कोणाला? ही चिंता फुकटच ठरली. 2013 मध्ये नताल्या ओसिपोव्हा आली, 2014 मध्ये वादिम मुंटागिरोव आला. मारिआनेला नुन्येझ तर होतीच, आणि ती वर्षागणिक अधिकच चांगली नाचत गेली. मागोमाग फ्रान्चेस्का हेवर्ड, यास्मिन नागदी, मॅथ्यू बॉल ही तरुण फळी उभी राहिली. नर्तकांच्या बाबतीत हे तप श्रीमंतीचं गेलं. गोची झाली ती दुसरीकडे. काय दाखवायचं आणि ते कितीला विकायचं, हे दोन वेगळे प्रश्न समजले जातात. पहिला कलेचा, दुसरा हिशेबाचा. इतकी वर्षं पाहून माझं मत असं झालंय की हा प्रश्न एकच आहे.

आधी बसायच्या जागेविषयी, कारण बॅले कुठून बघता यावर बरंच अवलंबून असतं. रॉयल ऑपेरा हाउसच्या मुख्य प्रेक्षागृहात 2,256 जागा आहेत. खाली लाल मखमलीचे स्टॉल्स, त्याभोवती घोड्याच्या नालेसारखे चढत गेलेले मजले आणि सगळ्यांत वर ॲम्फिथिएटर. वरच्या मजल्यांवर दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटून बाकं आहेत, त्यांना स्लिप्स म्हणतात. तिथून रंगमंचाचा आपल्या बाजूचा कोपरा दिसतच नाही. नायिका त्या कोपऱ्यात जाऊन मेली, तर ती मेली हे ऑर्केस्ट्रावरून ओळखायचं. 1997 मध्ये नूतनीकरणासाठी थिएटर बंद झालं, तोवर ॲम्फिथिएटरवाल्यांचं दारही वेगळं होतं, फ्लोरल स्ट्रीटवर. जिन्यात चुकूनही साहेबलोकांशी गाठ पडू नये अशी सोय! 1999 मध्ये थिएटर पुन्हा उघडलं तेव्हा हा सोवळेपणा गेला.

पुण्यात सवाईला सोफ्यावर कोण बसतं आणि भारतीय बैठकीत कोण, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं फार समजावायला नको. गवयाने नवी जागा घेतली की पहिली दाद बैठकीतून येते. कॉव्हेंट गार्डनला ती वरून येते. शिवाय वरून एक गोष्ट खालच्यापेक्षा नक्कीच चांगली दिसते, ती म्हणजे समूहाची रचना. स्टॉल्समधून 'स्वान लेक'मधल्या हंसांची रांग दिसते, पण तिची तिरपी रेघ कुठे सुरू होऊन कुठे मोडते हे वरूनच कळतं.

आणि वरचे लोक एकच बॅले तीन-चारदा बघतात. बाहेरच्याला हे वेड वाटतं. पण एका बॅलेचे वीस-पंचवीस प्रयोग लागले की मुख्य भूमिकांत पाच-सहा जोड्या आलटून-पालटून नाचतात, आणि जोडी बदलली की बॅले बदलतो. ज्यांनी श्रीराम लागूंचा आणि मग दत्ता भटांचा 'नटसम्राट' पाहिला, त्यांनी एकच नाटक दोनदा पाहिलं असं कोण म्हणेल? 'जिझेल'चंच घ्या. पीटर राइट यांची ही 1985 ची बांधणी, जॉन मॅकफार्लेन यांचं नेपथ्य. पहिल्या अंकाच्या शेवटी जिझेलला कळतं की प्रियकराने फसवलंय, आणि तिचं भान सुटतं. ओसिपोव्हाच्या अंगात ते वेड एकदम शिरतं, पाहणारा दचकतो. नुन्येझची जिझेल आधी खूप वेळ नुसती बघत राहते, जणू झालं ते आपल्याबद्दल आहे हे तिला पटत नाही. मग ती फुलाच्या पाकळ्या खुडण्याचा मघाचाच अभिनय पुन्हा करू लागते, हातात फूल नसताना. पावलं तीच, संगीत तेच. मला नुन्येझची जास्त भिडते. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका आजोबांना ती अळणी वाटते, आणि आमचं हे भांडण अनेक वर्षं मिटलेलं नाही. असा प्रेक्षक तयार व्हायला एकच गोष्ट लागते, परत येणं परवडलं पाहिजे.

या तपातल्या नव्या कामांचा हिशेब मांडला तर बरा निघतो. क्रिस्टोफर व्हीलडनचा 'द विंटर्स टेल' (2014) मला त्याच्या चकचकीत 'ॲलिस'पेक्षा कितीतरी सरस वाटतो. वेन मॅक्ग्रेगरचा 'वुल्फ वर्क्स' (2015) व्हर्जिनिया वुल्फच्या लेखनावर बेतलेला. त्यात पन्नाशी ओलांडलेली अलेसांद्रा फेरी नुसती चालत आली तरी भोवतीचे विशीतले नर्तक फिके पडत. उलट 'रेव्हन गर्ल', 'स्ट्रॅपलेस' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' या तिन्हींत कथा सांगण्याच्या नादात नाच मागे पडला. हे होणारच. दहा नवी कामं करावीत तेव्हा तीन टिकतात.

पण मला ज्या संध्याकाळबद्दल बोलायचंय ती मार्च 2017 मधली. क्रिस्टल पाइटचा 'फ्लाइट पॅटर्न' त्या महिन्यात पहिल्यांदा सादर झाला. मोठ्या रंगमंचावर स्त्री नृत्यदिग्दर्शकाचं नवं काम 18 वर्षांनी येत होतं. हा आकडा लाजिरवाणा होता आणि कोणी तो लपवलाही नाही. गोरेत्स्कीच्या तिसऱ्या सिंफनीचा पहिला भाग, 36 नर्तक, सगळे करड्या लांब कोटांत, निर्वासितांच्या रांगेसारखे उभे. टाचा, पाठी, माना एकाच श्वासात हलत होत्या. मग एकेक जण आपला कोट उतरवून एका बाईच्या हातांवर टाकत गेला आणि त्या ओझ्याने ती वाकत गेली. त्या दिवशी लोक नावाजलेला बॅले बघायला आले नव्हते. तीन छोट्या कामांचा तो एकत्र कार्यक्रम होता, ज्याला इथे ट्रिपल बिल म्हणतात. त्यातलं शेवटचं काम हे. ट्रिपल बिल नसतं तर 'फ्लाइट पॅटर्न'ला जागाच नव्हती. पुढे पाइटने त्याला आणखी दोन भाग जोडून 2022 मध्ये 'लाइट ऑफ पॅसेज' हा पूर्ण संध्याकाळचा बॅले केला. मला पहिला भाग एकटाच बरा वाटतो.

जुन्यांपैकी सगळ्यांत मोठी उलथापालथ 'स्वान लेक'ची. अँटनी डॉवेल यांची 1987 ची बांधणी जवळपास तीस वर्षं चालली. तिच्यात हंसांना ताठ टुटूऐवजी लांब, फाटल्यासारखे झगे होते. निम्म्या लोकांना ते काव्यमय वाटत, उरलेल्यांना ओले टॉवेल. 2018 मध्ये लिअम स्कार्लेटने नवी बांधणी केली. टुटू परत आले, मॅकफार्लेन यांनी तिसऱ्या अंकाला सोन्याने मढवलेला असा दरबार दिला की पडदा वर जाताच लोक नेपथ्याला टाळ्या देत. कंपनीचे जुने नृत्यदिग्दर्शक ॲश्टन यांचा नेपोलिटन नाच स्कार्लेटने जपून ठेवला, हे शहाणपण. शेवट मात्र बदलला. राजपुत्र मरत नाही, ओडेटचं निष्प्राण मानवी शरीर हातांवर घेऊन उभा राहतो. मला हा शेवट क्रूर वाटला आणि म्हणूनच पटला. मार्च 2020 मध्ये याच बॅलेचे प्रयोग चालू असताना कोविडमुळे थिएटरला कुलूप लागलं. पुढच्या वर्षी स्कार्लेट वयाच्या 35 व्या वर्षी गेला.

'ला बायादेर'बद्दल मराठी माणसाने काही न बोलणं शक्यच नाही. नृत्यदिग्दर्शक पेटिपाने 1877 मध्ये सेंट पीटर्सबर्गला रचलेला हा बॅले भारतात घडतो. देवळातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर, राजकन्या गमझाटी, निकियावर डोळा ठेवणारा मुख्य ब्राह्मण, उघडेबंब फकीर, फुलांच्या परडीतला साप आणि सोनेरी रंगात न्हालेली, उड्या मारणारी मूर्ती. इतका भारत एकाच ठिकाणी आणि त्यात ओळखीचं कोणीच नाही! ज्या रंगमंचावर 1923 मध्ये उदयशंकर ॲना पावलोव्हाबरोबर राधा-कृष्णाच्या नृत्यात उतरले, त्याच रंगमंचावर हे सगळं बघताना गंमत वाटते. त्याच पावलोव्हाने लीला सोखींना, म्हणजे मादाम मेनकांना, आपल्या मातीतल्या नाचाकडे वळायला सांगितलं. पुढे त्यांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. हे किती लोकांना ठाऊक असेल, देव जाणे.

नतालिया माकारोवा यांनी 1989 मध्ये रॉयल बॅलेसाठी बसवलेली आवृत्ती 2018 च्या हिवाळ्यात पुन्हा लागली होती. हा बॅले दाखवूच नये, असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही, कारण दुसरा अंक. अफूच्या धुंदीतल्या सोलोरला निकियाच्या छाया दिसतात. अंधारातून उतारावर एक नर्तकी येते, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, मग सरळ होऊन दोन पावलं टाकते. तिच्यामागे दुसरी, तेच. मग तिसरी. अशा 24 जणी येईपर्यंत पहिलीने तीच हालचाल किती वेळा केली ते मोजायचं विसरायला होतं. उतारावर एका पायावर तोल सांभाळणाऱ्या त्या पहिल्या मुलीचा घोटा थरथरताना दुर्बिणीतून दिसतो, आणि तरी रेघ मोडत नाही. त्यात भारत औषधालाही नाही, आणि बरंच आहे.

आता पैशांकडे. साथीत थिएटर बंद पडलं तेव्हा रॉयल ऑपेरा हाउस या संस्थेने सरकारकडून 2 कोटी 17 लाख पौंडांचं कर्ज घेतलं. डेव्हिड हॉकनीने काढलेलं जुने प्रशासक डेव्हिड वेबस्टर यांचं चित्र भिंतीवरून उतरवून लिलावात काढलं, त्याचे जवळपास 1 कोटी 30 लाख पौंड आले. घरातला दागिना मोडावा तसं ते वाटलं, पण पगार द्यायचे होते. 2022 च्या नोव्हेंबरात आर्ट्स काउन्सिलने वार्षिक अनुदान सुमारे 9 टक्क्यांनी कापून 2 कोटी 22 लाखांवर आणलं, आणि महागाई होतीच. 2024 मध्ये संस्थेचं नाव बदलून 'रॉयल बॅले अँड ऑपेरा' झालं. नावात बॅले आधी आला, हा आम्हा लोकांचा छोटासा विजय.

म्हणजे भाव वाढले ते नुसत्या लोभापोटी, असं म्हणायला जागा नाही. पण वाढले कसे ते बघा. तपाच्या सुरुवातीला उभं राहण्याची जागा एकआकडी पौंडांत मिळायची. रोज सकाळी त्याच दिवसाच्या प्रयोगाची काही तिकिटं खिडकीवर असत, रांगेत थांबलं की बहुधा काम होई. नंतर ती रांग गेली आणि शुक्रवारी दुपारी 1 वाजता ऑनलाइन सुटणारी तिकिटं आली. गावाबाहेरच्यांची सोय झाली, हे मान्य. पण आता मागणी पाहून भाव हलतात. लोकप्रिय बॅलेच्या चांगल्या खुर्चीने दीडशे पौंड केव्हाच ओलांडले, आणि तेच वारं वरच्या बाकांपर्यंत पोचलं. 16 ते 25 वयाच्यांसाठी 30 पौंडांच्या जागा आहेत, शाळांसाठी स्वस्त दुपारचे प्रयोग आहेत, दोन्ही चांगल्या गोष्टी. पंचवीस ओलांडलेल्या आणि पगार बेताचा असलेल्या माणसाने काय करायचं?

तो तेच करतो जे कोणीही करेल. चारऐवजी एकदा येतो. आणि एकदाच यायचं म्हटल्यावर नाव ठाऊक असलेलं निवडतो: 'नटक्रॅकर', 'स्वान लेक', 'रोमिओ अँड ज्युलिएट'. तिकीटविक्रीचा कागद सांगतो की लोकांना हेच हवं. मग पुढच्या हंगामात तेच आणखी लागतं. ऑपेराशी वाटून घेतलेल्या रंगमंचावर बॅलेच्या तारखा मोजक्याच, त्यामुळे एक वाढलं की दुसरं घटतं. घटतं ते बहुतेकदा ट्रिपल बिल. नव्या माणसाला हात आजमावायला तीच एक जागा असते, आणि ॲश्टनची छोटी कामं तिथेच जगतात. 'सिंफॉनिक व्हेरिएशन्स' वीस मिनिटांचा बॅले, 1946 चा, सहा नर्तक, एकदा रंगमंचावर आले की शेवटपर्यंत विंगेत जायचं नाही. या जवळपास शतकभराच्या कंपनीने केलेल्या सर्वोत्तम गोष्टींपैकी ही एक. तो एकटा लावता येत नाही. 2024 पासून ॲश्टनच्या नावाने काही वर्षांचा उत्सव सुरू झाला, म्हणून तो सध्या थोडा सुरक्षित आहे.

दुसऱ्या कंपन्यांकडे पाहिलं तर चित्र फार वेगळं नाही, तरी एक नोंद करायलाच हवी. या तपातला मला सर्वांत आवडलेला नवा 'जिझेल' कॉव्हेंट गार्डनचा नव्हताच. रोहोने इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी अक्रम खानकडून 2016 मध्ये करून घेतलेला तो. कथ्थकमध्ये मुरलेल्या माणसाने जिझेलला कपड्यांच्या कारखान्यातली स्थलांतरित कामगार केलं. सॅडलर्स वेल्स थिएटरमध्ये मी तो निम्म्याहून कमी पैशांत, जवळून पाहिला.

हिशेबनीस हसतील, पण माझी सूचना साधी आहे. 'नटक्रॅकर'च्या स्टॉल्सचे भाव हवे तेवढे वाढवा. नाताळात आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात, ते देतात आणि आनंदाने देतात. त्या पैशांतून ट्रिपल बिलच्या दिवशी अख्खं ॲम्फिथिएटर आणि उभ्याच्या जागा सरसकट 15 पौंडांना विका, मागणी असो वा नसो. तीन हंगाम हे करून बघा, तेवढ्यात परत येणारा प्रेक्षक आहे की संपला ते कळेल. नाहीच आले लोक, तर त्या तारखांना 'नटक्रॅकर'चे आणखी पाच-सहा प्रयोग लावावेत. ते काय, तसेही लागणारच आहेत.