स्क्रूजची सबब आणि बंगळुरूचे दान

नाताळच्या दिवसांत बंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावर आणि ब्रिगेड रस्त्यावर रोषणाई होते. याच सुमारास गरजूंना मदत करण्याची आवाहनेही केली जातात. अशा आवाहनाला नकार देणारा साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध कंजूष म्हणजे एबेनेझर स्क्रूज. चार्ल्स डिकन्स यांची 'अ ख्रिसमस कॅरल' ही कथा १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि स्क्रूज हे नाव कृपणतेचा पर्याय बनले.

स्क्रूजने नकार देताना पुढे केलेली सबब मात्र विचार करण्याजोगी आहे. गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्या दोन सद्गृहस्थांना तो विचारतो, की तुरुंग आणि श्रमगृहे बंद पडली आहेत काय? त्यांचा खर्च आपण भरतोच, मग आणखी का द्यावे, असा त्याचा सवाल असतो. १८३४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये गरिबांना मदत प्रामुख्याने श्रमगृहांतूनच देण्याचे धोरण आले होते. तेथे पती, पत्नी आणि मुले यांना वेगवेगळे ठेवले जाई. म्हणजे स्क्रूजचे उत्तर निव्वळ चिक्कूपणाचे नव्हते; कर भरला की कर्तव्य संपले, ही त्या काळातील प्रतिष्ठित भूमिका होती.

हीच भूमिका बंगळुरूत वेगळ्या संदर्भात तपासून पाहता येते. विप्रोचे संस्थापक-अध्यक्ष अझीम प्रेमजी यांच्या काटकसरीच्या कथा या शहरात अनेक वर्षे सांगितल्या जात. विमानात साध्या वर्गाने प्रवास करणारे, कार्यालयातील दिवे बंद करण्याची आठवण देणारे अब्जाधीश, अशी त्यांची ख्याती होती. या कंपनीचे मूळ महाराष्ट्रातले. डिसेंबर १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून तिची सुरुवात झाली. वडिलांच्या निधनानंतर १९६६ मध्ये प्रेमजींनी ती हाती घेतली.

डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी विप्रोचे सुमारे ८,८४६ कोटी रुपये किमतीचे समभाग शिक्षणकार्यासाठी एका न्यासाकडे सोपवले. २०१३ मध्ये, संपत्तीचा मोठा भाग दान करण्याच्या 'गिव्हिंग प्लेज' या जागतिक प्रतिज्ञेवर स्वाक्षरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. मार्च २०१९ मध्ये आणखी ३४ टक्के समभागांचे आर्थिक लाभ त्यांनी दानकार्यासाठी कायमचे बाजूला काढले. त्यामुळे दानाची एकूण किंमत सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर गेली. समभाग विकून एकरकमी पैसे वाटणे, असे या दानाचे स्वरूप नाही. समभागांवरील लाभांश आणि कंपनीने समभाग परत विकत घेतल्यास मिळणारी रक्कम दानकार्याकडे जाते. थोडक्यात, कंपनी कमावते तोवर दान चालू राहते. नंदन व रोहिणी नीलेकणी, किरण मजुमदार-शॉ आणि निखिल कामत या बंगळुरूच्याच उद्योजकांनी पुढे त्याच प्रतिज्ञेवर स्वाक्षऱ्या केल्या.

मग दान कायद्याने सक्तीचे करावे काय? भारताने कंपन्यांपुरते याचे उत्तर होकारार्थी दिले आहे. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. प्रारंभी खर्च न केल्यास कारण देणे पुरेसे होते. जानेवारी २०२१ पासून मात्र उरलेली रक्कम ठरावीक निधीत किंवा वेगळ्या खात्यात जमा करणे बंधनकारक झाले. पुढच्याच महिन्यात प्रेमजींनी या सक्तीला जाहीर विरोध दर्शवला. परोपकार आतून यावा, तो बाहेरून लादता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हे मत वजनदार आहे, कारण ते मांडणाऱ्याने आधी दिलेले होते. परंतु ज्याने काहीच दिलेले नाही, त्यालाही हेच वाक्य सोयीचे पडते, हे नजरेआड करता येत नाही. शिवाय २ टक्क्यांचा नियम कंपनीच्या नफ्याला लागू आहे, मालकाच्या खाजगी संपत्तीला नाही. भारतात वारसा मालमत्तेवरील शुल्क १९८५ मध्ये बंद झाले आणि संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला. साठवलेल्या धनातून काही द्यावे की नाही, हा निर्णय त्यामुळे पूर्णपणे धनिकाच्या मर्जीवर राहिला आहे. श्रमगृहांचा खर्च भरतो, एवढे तरी स्क्रूज म्हणू शकत होता.

त्या मर्जीवर काय अवलंबून असते, याचे एक उदाहरण कर्नाटकातील शाळांत दिसते. तेथे सरकार विद्यार्थ्यांना आठवड्यातून २ दिवस अंडी देत असे. जुलै २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने उरलेल्या ४ दिवसांचा भार उचलण्याचा करार केला. त्यासाठी ३ वर्षांत सुमारे १,५०० कोटी रुपये देण्याचे ठरले. अंडी न खाणाऱ्या मुलांना केळी मिळते.