महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज : काही रूढ समजुतींचे परीक्षण

अल्पसंख्य समाजाविषयी इतरांच्या मनात ज्या समजुती रूढ होतात, त्या बहुधा प्रत्यक्ष परिचयातून निर्माण झालेल्या नसतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी भरली. त्यांची वस्ती विशेषेकरून मुंबई, ठाणे, वसई, पुणे व अहमदनगर या भागांत असल्यामुळे अनेकांना हा समाज केवळ शाळा व इस्पितळे यांच्या द्वारेच ठाऊक असतो. हा समाज इंग्रजी राज्याची निर्मिती आहे, मराठी भाषेशी त्याचे नाते वरवरचे आहे, त्यातील धर्मांतरे लोभामुळे झाली आणि तो आतून एकजिनसी आहे, अशा चार समजुती वारंवार आढळतात. त्यांपैकी प्रत्येकीच्या मुळाशी सत्याचा काही अंश आहे, आणि म्हणूनच त्या तपासून पाहणे अवश्य ठरते.

पहिली समजूत कालक्रमाच्याच कसोटीवर टिकत नाही. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक प्रवासवृत्तकाराने ‘कल्लियाना’ येथे बिशप असल्याचे नमूद केले असून, हे स्थळ ठाण्याजवळील कल्याण असावे असे अनेक अभ्यासक मानतात. ते क्षणभर बाजूस ठेवले, तरी १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिल्यानंतर तेथे ख्रिस्ती वस्ती वाढली, हे निर्विवाद आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली. तथापि तेथील ख्रिस्ती शेतकरी व कोळी आपल्या वाड्यांतच राहिले. या लोकांची आडनावे पोर्तुगीज असल्यामुळे ते पोर्तुगीजांचे वंशज असावेत असा तर्क केला जातो. वस्तुतः बाप्तिस्म्याच्या वेळी अशी नावे देण्याची तत्कालीन प्रथा होती. १८८७ मध्ये मुंबई व उत्तर कोकणातील या जुन्या ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, ते गोवा व मंगळूर येथून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपले स्थानिकत्व वेगळे दिसावे म्हणून. स्थानिकत्व दर्शविण्यासाठी घेतलेले नावच पुढे परकेपणाची खूण समजले जावे, हा विपर्यास होय.

पोर्तुगीज अमलात धर्मप्रसारासाठी सत्तेचा उपयोग झाला, देवळे पाडली गेली आणि १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प काळ वगळता, गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन चालू होते. हा इतिहास झाकण्याचे कारण नाही. परंतु त्या न्यायासनाच्या कचाट्यात मुख्यत्वे बाप्तिस्मा घेतलेले एतद्देशीय ख्रिस्तीच सापडत. जुने आचार सोडले नाहीत, हा त्यांचा अपराध ठरे. त्या जुलमाचा दोष त्यांच्याच वंशजांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

ईस्ट इंडिया कंपनीचे धोरण तर याच्या उलट होते. व्यापारास व शांततेस बाध येईल या भीतीने तिने मिशनऱ्यांस दूर ठेवले. विल्यम कॅरी यास म्हणूनच डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूर येथे आश्रय घ्यावा लागला. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांवरही प्रारंभी परत जाण्याचा हुकूम बजावला गेला होता. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने ही अडचण दूर झाली. राज्य व मिशन यांचे हितसंबंध पुढे काही ठिकाणी जुळले, हे खरे. पण दोन्ही एकच होती असे म्हणता येत नाही.

दुसरी समजूत भाषेविषयीची. कॅथलिक पंथाची मुख्य उपासना दीर्घकाळ लॅटिन भाषेत होत असे, आणि ती लोकभाषांतून होऊ लागली ती १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. चर्चमधील ही लॅटिन व मिशनच्या शाळांतील इंग्रजी यांवरून या समाजाच्या घरगुती भाषेविषयी अनुमान काढले गेले. प्रत्यक्षात १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले, ते सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे आहे. नवख्रिस्ती लोकांस पुराणाची गोडी होती, म्हणून ख्रिस्तकथेलाही पुराणाचेच रूप घ्यावे लागले. अहमदनगर येथे १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. बाबा पदमनजींची १८५७ मधील ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी हिंदू विधवांच्या दुःखाविषयी आहे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगातून व कीर्तनातून मांडली, आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वगळून मराठी आत्मचरित्राचा विचारच होऊ शकत नाही. वसईतील सामवेदी बोली तर ख्रिस्ती व हिंदू दोहोंच्या घरांत बोलली जाते. असे असूनही, २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड होताच, ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत या कारणावरून काहींनी विरोध केला. समजुतीचा जोर पुराव्याच्या अभावावर अवलंबून नसतो, हे यावरून दिसते.

तिसरी समजूत लोभाची. बाबा पदमनजी व टिळक यांच्या चरित्रांत धर्मांतरासवे आप्तवियोग व सामाजिक बहिष्कार आलेला दिसतो. टिळकांच्या १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला खरा, परंतु धर्मतत्त्वांच्या बाबतीत तेथील गुरुजनांचेही म्हणणे त्यांनी निमूटपणे मानले नाही. उलटपक्षी, स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनची शाळा म्हणजे धर्मांतराचा सापळा, हे समीकरण त्यामुळे फार ढोबळ ठरते. अहमदनगरकडील महार व मांग समाजांतील धर्मांतरांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मिशनांनी मदतकार्य केले, आणि त्या सुमारास धर्मांतरांची संख्या वाढली. त्यात अन्नाचा भाग नव्हता असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ज्यास पाणवठा व पाटी दोन्ही नाकारली गेली होती, त्याने अन्नासवे अक्षर आणि माणुसकीची वागणूकही स्वीकारली असता, त्या सर्वांस ‘लोभ’ हे एकच नाव देणे हे शास्त्रीय वर्गीकरण नव्हे.

या तिसऱ्या समजुतीचा चौथीशी निकट संबंध आहे. ख्रिस्ती समाज एकजिनसी असून त्यात जात नाही, असे मानले जाते. धर्मतत्त्व म्हणून हे योग्य आहे; समाजस्थिती म्हणून नाही. पंथभेद तर आहेतच, शिवाय विवाहसंबंध जुळविताना पूर्वीची जात अनेक ठिकाणी विचारात घेतली जाते, आणि तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही भेद राहिल्याचे दिसून आले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये तो शीखांस व १९९० मध्ये बौद्धांस लागू झाला. ख्रिस्ती व मुसलमान मात्र त्याबाहेर राहिले. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्मनिष्ठ अट काढावी अशी शिफारस केली, आणि २०२२ मध्ये केंद्र शासनाने याच प्रश्नासाठी न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. याचा अर्थ असा, की या आदेशाखाली अनुसूचित जातीतील मनुष्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर तो सवलतींस मुकतो. ज्याच्यावर लाभासाठी धर्म सोडल्याचा आरोप होतो, त्याने कायद्याच्या दृष्टीने लाभ गमावलेला असतो. आणि ज्या जातीचे अस्तित्व कायदा अमान्य करतो, ती गावात त्याची पाठ सोडत नाही.

सारांश, वसईचा बागाईतदार, नगरकडील दलित ख्रिस्ती आणि मुंबईत स्थायिक झालेला गोमंतकीय यांचे धर्मनाम एक असले, तरी त्यांचे इतिहास तीन आहेत. त्यांचा शोध गावोगावच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, ‘ज्ञानोदय’चे जुने अंक आणि वृद्धांच्या आठवणी यांतून घेता येण्यासारखा आहे. हे काम मराठी भाषेत व मराठी अभ्यासकांकडून होणे इष्ट आहे; कारण तो महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचाच एक भाग आहे.