ऑटोमॅटिक गाडीचं ट्रान्समिशन ऑइल घरी बदलता येतं का? आधी हे समजून घ्या

इंजिन ऑइल कधी बदलायचं हे आपल्याला माहीत असतं. पण ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्येही तेल असतं आणि तेही जुनं होतं, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मग गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटर झाली की डी टाकल्यावर झटका बसायला लागतो आणि आपण मोबाईलवर व्हिडिओ शोधतो. व्हिडिओत काम वीस मिनिटांत होतं. प्रत्यक्षात मात्र चुकीचं तेल पडलं किंवा लेव्हल चुकली, तर गिअरबॉक्सचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. म्हणून आज बघूया की हे काम घरी कुणी करावं, कुणी करू नये आणि करायचंच असेल तर कसं करावं.

हे तेल नेमकं काय करतं?

या तेलाला एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड म्हणतात. साधं गिअर ऑइल फक्त वंगण देतं, पण एटीएफला चार कामं एकदम करावी लागतात. ते इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे पोचवतं. त्याच्याच दाबावर आतले क्लच बंद-चालू होतात. ते गिअर आणि बेअरिंगला वंगण देतं आणि आतली उष्णताही बाहेर नेतं. क्लचच्या चकत्यांनी किती घसरायचं आणि कधी घट्ट पकडायचं, हेसुद्धा तेलातली रसायनं ठरवतात. ही रसायनं संपत आली की गिअर उशिरा पडतो किंवा झटका बसतो.

बरेचसे एटीएफ मुद्दाम लाल रंगाचे बनवतात. त्यामुळे गाडीखाली डाग पडला तर गळती इंजिनची की गिअरबॉक्सची, हे लगेच कळतं. एक गंमत सांगतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतल्या एटीएफमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालायचे! देवमाशांच्या संरक्षणाचे कायदे आल्यावर कंपन्यांना त्याला पर्याय शोधावा लागला.

पुण्यातला वापर 'नॉर्मल' नाही

मॅन्युअलमध्ये सर्व्हिसचे बहुतेक वेळा दोन हिशोब असतात, एक साध्या वापराचा आणि एक कठीण वापराचा. सकाळी हिंजवडीच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं, एप्रिल-मे महिन्यातली चाळीस अंशांची दुपार, शनिवारी कात्रज किंवा खंबाटकी घाट, भरलेली गाडी घेऊन ताम्हिणी. हा सगळा कठीण वापरच आहे. वेग कमी आणि भार जास्त असला की टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळून तापतं आणि तापलेलं तेल लवकर खराब होतं. काही कंपन्या 'लाइफटाइम फ्लुइड' म्हणतात. तेव्हाही मॅन्युअलमधला कठीण वापराचा तक्ता उघडून बघा. तिथे वेगळा आकडा दिलेला असू शकतो.

सगळ्यात आधी: तुमचा गिअरबॉक्स कोणता?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं येतात.

१. टॉर्क कन्व्हर्टर: यात खरं एटीएफ लागतं. घरी करण्यासारखं काम झालंच तर याचंच.

२. सीव्हीटी: यात गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा असतो. याला सीव्हीटीचंच फ्लुइड लागतं. साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरून पुली खराब होऊ शकते.

३. डीसीटी किंवा डीएसजी: यात दोन क्लच असतात, काहींमध्ये कोरडे तर काहींमध्ये तेलात बुडालेले. तेल वेगळं असतं आणि बऱ्याचदा लेव्हल तपासायला कंपनीचा स्कॅनर लागतो.

४. एएमटी: हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. त्यात एटीएफ नाही, गिअर ऑइल असतं. भारतात २०१४ साली सेलेरिओमुळे हा प्रकार घराघरात पोचला.

गाडीच्या नावावरून अंदाज बांधू नका. आपल्या चाकणला बनणारी फोक्सवॅगन टायगुन घ्या. ती २०२१ मध्ये आली तेव्हा १.० लिटर इंजिनसोबत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता आणि १.५ लिटरसोबत सात गिअरचा डीएसजी. गाडी एकच, पण गिअरबॉक्स दोन आणि तेलंही दोन. म्हणूनच परदेशातला व्हिडिओ बघताना फक्त मॉडेल नाही, तर इंजिन, वर्ष आणि गिअरबॉक्सही जुळतोय का ते बघा.

स्कूटरवाल्यांसाठी

'आमच्याकडे कार नाही, ॲक्टिव्हा आहे,' असं म्हणणाऱ्यांनो, तुमचीही गाडी ऑटोमॅटिकच आहे! पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडासोबत १९८४ च्या सुमारास बिनगिअरची, बटणस्टार्ट स्कूटर आणली तेव्हापासून हे तंत्र आपल्या ओळखीचं आहे. स्कूटरमधला पट्टा कोरडा चालतो, त्याला तेल लागत नाही. पण मागच्या चाकाजवळच्या छोट्या गिअरमध्ये साधारण १०० ते १२० मिली तेल असतं. ते बदलायला जॅक लागत नाही, गाडी मधल्या स्टँडवर लावली की झालं. अचूक प्रकार आणि माप मॅन्युअलमध्ये बघा. हाताला सवय करायची असेल तर सुरुवात इथून करा.

तेल बदलल्यावर किती बदलतं?

समजा, गिअरबॉक्समध्ये एकूण ७ लिटर तेल आहे. खालचा बोल्ट काढल्यावर साधारण ३.५ लिटरच बाहेर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये राहतं. म्हणजे एकदा बदलल्यावर नवं तेल ५० टक्के. काही दिवस गाडी चालवून परत तेच केलं की ७५ टक्के. तिसऱ्यांदा केलं की साधारण ८७ टक्के. त्यामुळे पहिल्या वेळी नवं तेलही लवकर काळपट दिसलं तर घाबरू नका, त्यात निम्मं जुनंच आहे.

घरी करायचं असेल तर

ही पद्धत फक्त टॉर्क कन्व्हर्टरवाल्या आणि वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी आहे.

तयारी: मॅन्युअलमधून तेलाचा नेमका कोड लिहून घ्या. टोयोटाच्या अनेक गाड्यांना डब्ल्यूएस लागतं, होंडाच्या अनेक सीव्हीटींना एचसीएफ-२ लागतं. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेल्या डब्यावर भरवसा ठेवू नका. तेल सीलबंद आणि पक्क्या बिलावरच घ्या, मग ते शोरूममधून असो की नाना पेठेतून. बोल्टचा नवा वॉशर, लांब नळीचं फनेल किंवा हातपंप, मापाचा डबा आणि टॉर्क रेंच जवळ ठेवा.

जागा: सोसायटीच्या पार्किंगमध्ये बहुतेक वेळा उतार असतो, आणि या कामाला गाडी अगदी सपाट हवी. चाकांना ओट लावा आणि गाडी जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही, एक मिनिटही जायचं नाही. जॅक सरकला तर जीव जातो.

क्रम:

– दहा मिनिटं गाडी चालवून तेल कोमट करा. घाटातून आल्या आल्या बोल्ट उघडू नका, हात भाजेल.

– इंजिन ऑइलचा बोल्ट कोणता आणि गिअरबॉक्सचा कोणता, हे फोटोशी जुळवून बघा. इंजिनचं समजून गिअरबॉक्सचं तेल काढलं आणि इंजिनमध्ये जास्तीचं ऑइल ओतलं, हा घोटाळा अनेक ठिकाणी होतो.

– आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट उघडा. तो निघाला तरच खालचा उघडा. नाहीतर तेल रिकामं होईल, भरायचा बोल्ट गंजून अडकलेला असेल आणि गाडी जागेवरच बसेल.

– निघालेलं तेल मोजा. मोबाईलवर फोटो काढा आणि नोंद करा.

– नवा वॉशर लावून बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळा. केसिंग ॲल्युमिनियमचं असतं, जोर लावला तर आटे जातात.

– जेवढं निघालं तेवढंच नवं भरा.

– इंजिन चालू करा, ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी असे गिअर काही सेकंद फिरवा आणि परत पी मध्ये आणा. हे चालू असताना गाडीखाली कुणी नको.

– मग लेव्हल. डिपस्टिक असेल तर मॅन्युअलप्रमाणे बघा. नसेल तर ठरावीक तापमानाला लेव्हलचा बोल्ट उघडून तेलाची बारीक धार थांबते का ते बघतात. अनेक गाड्यांत हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथ डोंगल लावून काही ॲपवर ते मोबाईलमध्ये दिसतं, पण प्रत्येक गाडीत नाही.

तेल जास्त झालं तर फेस येतो, कमी झालं तर दाब कमी पडतो. दोन्हींत क्लचच जळतात.

हे काम कुणी करू नये?

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरमध्येच करा आणि बिल जपून ठेवा. सीव्हीटी, डीसीटी आणि एएमटीवाल्यांनीही घरी हात घालू नये. गाडी आधीच घसरत असेल, म्हणजे इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, किंवा तेलाला करपल्याचा वास येत असेल, तर आधी निदान करून घ्या. झिजलेला क्लच नव्या तेलाने बरा होत नाही.

मधला रस्ताही आहे. लिफ्ट असलेल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये स्वतः आणलेलं तेल घेऊन जा, मजुरी द्या आणि समोर उभं राहून करून घ्या. वर लिहिलेला क्रम माहीत असेल तर नेमकं काय विचारायचं हे तुम्हाला कळेल: 'दादा, काढलेलं किती निघालं? लेव्हल किती तापमानाला बघितली?'

जुनं तेल कुठे टाकायचं?

गटारात नाही, झाडाच्या बुंध्याशीही नाही. पुण्याचं गटार शेवटी मुळा-मुठेलाच मिळतं. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं. नव्या तेलाच्याच डब्यात भरून झाकण घट्ट लावा आणि जुनं तेल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्या.

तर मित्रांनो, आज फक्त एक काम करा. गाडीचं मॅन्युअल मोबाईलवर डाउनलोड करून गिअरबॉक्सचा प्रकार आणि तेलाचा कोड शोधा, आणि दोन्ही नोट्समध्ये सेव्ह करा. घरी बदला किंवा गॅरेजमध्ये, चुकीचं तेल पडण्यापासून गाडी वाचेल. घरात कुणाची ऑटोमॅटिक गाडी असेल, तर हा लेख त्यांनाही नक्की पाठवा.