हात थरथरतो, पण दोष हाताचा नसतो

ऑलिम्पिकमध्ये तिरंदाज ७० मीटरवरून बाण मारतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटिमीटर. आता हिशेब उलटा करून पाहा. डोळा आणि धनुष्यावरची साईट यांत साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर अंतर असते. साईट मध्यापासून जेमतेम पाऊण मिलिमीटर सरकली, तरी तिकडे बाण दहाच्या बाहेर पडतो. धनुष्य धरलेला हात पाऊण मिलिमीटरही हलू द्यायचा नाही, हे सतत साधणे कोणाही माणसाला फार अवघड आहे. तरीही बाण दहात बसतात. ते कसे, हे समजले की थरथरीची निम्मी भीती ओसरते.

स्नायू कधीच पूर्ण स्थिर नसतो. मज्जारज्जूतून त्याला तुटक संदेश मिळत असतात, त्यामुळे निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा कंप पावतो. त्यात हृदयाच्या ठोक्याचा धक्का मिसळतो आणि श्वासाबरोबर छातीची उंची बदलते. मनावर ताण आला की रक्तात अॅड्रेनलिन उतरते. ते स्नायूंमधल्या बीटा ग्राहकांवर (रिसेप्टर) काम करते आणि कंप वाढतो. बीटा-ब्लॉकर गोळ्या हाच मार्ग अडवतात, म्हणून तिरंदाजीत त्यांच्यावर स्पर्धेच्या काळात आणि एरवीही बंदी आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कॅमेऱ्याने चेहऱ्यावरचे सूक्ष्म रंगबदल टिपून खेळाडूंचे ठोके पडद्यावर दाखवले होते. महिलांच्या अंतिम सामन्यातल्या निर्णायक बाणाच्या वेळी कोरियाच्या आन सानचे ठोके ११८ होते, तर तिची प्रतिस्पर्धी एलेना ओसिपोव्हा हिचे १६७. आन सानने दहा मारला, ओसिपोव्हाने आठ. पण ११८ म्हणजेही शांत झोपलेल्या माणसाचे हृदय नव्हे. विजेतीचे हृदयही धावतच होते.

साईट मध्याभोवती फिरत असते, आणि त्या फिरण्याची सरासरी मध्याजवळ असते. बाण कोणत्याही क्षणी निघाला तरी तो फार लांब जात नाही. कसलेला तिरंदाज हे फिरणे चालू देतो. बाण खरा भरकटतो तो साईट मध्यावर येताच ‘आत्ता!’ म्हणून दिलेल्या झटक्याने. एरवीच्या कंपापेक्षा तो झटका कितीतरी मोठा असतो.

या झटक्याची सवय लागली की तिला खेळाडू ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. तिची रूपे वेगवेगळी. कोणाची साईट टार्गेटच्या मधल्या पिवळ्या भागाच्या खालीच अडकते. हातात ताकद असूनही ती वर चढत नाही. कोणाचा बाण साईट पिवळ्याला स्पर्श करताच सुटतो. कोणाला क्लिकरची पट्टी (दोरी पुरेशी ओढली गेल्याची खूण) टक्कन वाजेपर्यंत दोरी ओढताच येत नाही. शेवटचे दोन मिलिमीटर खांदा जणू नाकारतो. जवळून पाहिले तर त्या वेळी धनुष्याची मूठ आवळून बोटांची पेरे पांढरी पडलेली असतात, जबडा घट्ट असतो आणि श्वास वरच्या वर अडकलेला असतो. तोच खेळाडू तेच धनुष्य टार्गेटचा कागद नसलेल्या, बाण अडवणाऱ्या गठ्ठ्यावर चालवतो, तेव्हा सगळे सुरळीत होते. हात दुबळा असता तर कागद काढल्याने तो बरा झाला नसता.

माझ्या मते इथेच बहुतेक प्रशिक्षक चुकतात. ‘घाबरू नकोस, हात घट्ट धर’ असे सांगितले की मुलगा हातावर आणखी लक्ष देतो. लोहगडाच्या पायऱ्या झपाझप उतरणाऱ्या माणसाने प्रत्येक पावलाचा विचार सुरू केला, तर तो अडखळणारच. सरावाने अंगवळणी पडलेली हालचाल जाणीवपूर्वक चालवू गेले की ती तुटते, हे क्रीडा मानसशास्त्रात अनेक खेळांत दिसले आहे. त्यात आणखी एक गोष्ट भर घालते. पूर्ण ताणलेले धनुष्य धरून थांबणे त्रासाचे असते आणि बाण सुटताच तो त्रास संपतो. मेंदू शिकतो : लवकर सोडले की सुटका. प्रत्येक घाईचा बाण हा धडा पक्का करतो.

म्हणून उपायही मेंदूची ही शिकवण मोडण्याचा आहे. टार्गेटचा कागद काढायचा. गठ्ठ्यापासून दोन-तीन मीटरवर उभे राहायचे आणि प्रशिक्षक शेजारी असताना, नेम न धरता, फक्त पाठीच्या स्नायूंचा ताण आणि बोटांची सैल सुटका अनुभवायची. दुसरा सराव याच्या उलट : साईट मध्यावर आणायची, काही सेकंद फिरू द्यायची आणि बाण न सोडता धनुष्य हळूच उतरवायचे. हा सराव दिसायला फुकटचा वाटतो, पण ‘मध्य दिसला म्हणजे सोडायचे’ ही गाठ त्यानेच सुटते. त्यानंतर मोठा कागद, जवळचे अंतर, मग हळूहळू लांब. धनुष्य ओढायला जड असेल तर त्याचा ताण कमी करावा. थकलेला स्नायू जास्त कापतो. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात तर हे विशेष लागू पडते, कारण वारा शमण्याची वाट पाहत तिरंदाज ताणून थांबतो आणि तेवढ्यात दंड भरून येतो. अशा वेळी धनुष्य उतरवून पुन्हा सुरुवात करणे हेच शहाणपण. टार्गेट पॅनिक जायला आठवडे नव्हे, महिने लागतात.

आणि श्वास? या प्रश्नासाठी लोणावळ्याइतकी योग्य जागा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. योगक्रिया क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासण्याचा त्यांचा आग्रह होता. १९३०च्या दशकात येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन त्यांच्याकडे येऊन शिकले. परतल्यावर त्यांनी प्राणायामाचे मोजमाप केले आणि १९३७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना आढळले की प्राणायामानंतर लगेच बेरजा करणे, रंग सांगणे अशी साधी कामे मंदावतात. हा निष्कर्ष एका माणसाच्या प्रयोगांवरचा, पण तिरंदाजांनी लक्षात ठेवावा असा आहे : स्पर्धेच्या रेषेवर जाण्याआधी पाच मिनिटे भस्त्रिका प्राणायाम करणे ही कल्पना चांगली नाही. नियमित साधनेचा परिणाम वेगळा असू शकतो. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९३ मध्ये योगाभ्यास केलेल्या शाळकरी मुलांचा हात अधिक स्थिर झाल्याचे नोंदवले आहे. रेषेवर मात्र साधा नियम पुरतो : दोरी ओढताना श्वास आत, मग थोडा बाहेर, आणि उरलेला सहज थांबवलेला. तेही जेमतेम काही सेकंद.

लोणावळ्यापासून तासा-दीड तासावर, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव घडला आणि टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. हे पाहून धनुष्य हाती घेणारी मुले पुढच्या काळात वाढतच जातील, आणि त्यांच्यापैकी काहींना टार्गेट पॅनिक होणारच. सगळ्यांत जास्त सराव करणाऱ्यांनाही तो होतो.

तेव्हा प्रशिक्षकांना आणि पालकांना विनंती : मैदानाच्या एका टोकाला कागद नसलेला एक गठ्ठा कायम ठेवा, आणि तिथे उभ्या असलेल्या मुलाला ‘भित्रा’ म्हणू नका. मात्र हात धनुष्याशिवायही, चहाचा कप उचलताना किंवा सही करताना कापत असेल, तर मैदानावर उपाय शोधू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.