रिव्हर्ब टँक बसवताना

घरी बांधलेल्या गिटार अॅम्पमध्ये स्प्रिंग रिव्हर्बचं सर्किट चालू झालं, की उरलेला पत्र्याचा लांबुळका डबा मिळेल त्या कोपऱ्यात स्क्रूने आवळून टाकायचा मोह होतो. सर्किट आराखडा बघून जोडता येतं. टँकची जागा मात्र कानानेच शोधावी लागते.

मूळचा हा टँक हॅमंड ऑर्गनच्या घरातला. फेंडरने १९६३ साली तो गिटार अॅम्पच्या पोटात बसवला. सर्वांत प्रचलित टँक सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असतो आणि त्यात दोन लांब स्प्रिंगा असतात. प्रत्येक स्प्रिंगेच्या दोन्ही टोकांना इवलासा लोहचुंबक असतो. इनपुटच्या कॉइलमधून सिग्नल गेला, की तिथला चुंबक किंचित वळतो आणि स्प्रिंगेला पीळ बसतो. हा पीळ एका स्प्रिंगेतून साधारण ३३, तर दुसरीतून ४१ मिलिसेकंदांत पलीकडे पोचतो, तिथला चुंबक वळवतो आणि मागे फिरतो. अशा येरझाऱ्या विरेपर्यंत चालतात. दोघींची चाल वेगळी असल्यामुळे सुटे प्रतिध्वनी ऐकू येत नाहीत, नाद पसरतो.

आउटपुटच्या कॉइलमध्ये मिळतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. पुढची स्टेज ते कितीतरी पटींनी वाढवते आणि त्यांच्याबरोबर आलेला कचराही वाढवते. कचरा दोन प्रकारचा: पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा हम आणि स्पीकरच्या हादऱ्यांनी स्प्रिंगा थरथरल्याचा आवाज.

बसवण्याआधी टँकवरचा कोड वाचा. फेंडरच्या धाटणीच्या अॅम्पसाठी ४एबी३सी१बी हा नेहमीचा. त्यातला ए म्हणजे ८ ओहमचं इनपुट, पुढचा बी म्हणजे २,२५० ओहमचं आउटपुट, ३ म्हणजे लांबलेला नाद. सी सांगतो, की इनपुटचं सॉकेट पत्र्यापासून अलग आहे, आउटपुटचं पत्र्याला जोडलेलं आहे. शेवटचा बी म्हणजे टँक आडवा, उघडी बाजू खाली. ही अक्षरं शोभेची नाहीत. स्प्रिंगा आपल्या वजनाने थोड्या झोल खातात आणि तो झोल धरूनच चुंबक कॉइलच्या फटीत मधोमध आणलेले असतात. कोणतं सॉकेट कुठलं याची शंका असेल तर मीटर लावा. या टँकचं इनपुट जवळपास एक ओहम दाखवतं, आउटपुट सुमारे दोनशे.

आता जागा. चासी कॅबिनेटमध्ये नीट बंद करा. व्हॉल्व्ह अॅम्पच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही शे व्होल्ट उरू शकतात, म्हणून या कामात उघडी चासी नको. टँकच्या दोन्ही शील्डेड वायरी जोडा, गिटार काढा, रिव्हर्बचा नॉब वाढवा आणि टँक हातात धरून कॅबिनेटच्या तळाशी सावकाश सरकवा. आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळ गेलं, की हम चढतो. टँक उलटसुलट फिरवून पाहा; कधी नुसती टोकांची अदलाबदल पुरते. हम सर्वांत कमी होईल तिथे पेन्सिलने खूण करा. हे पाच मिनिटांचं काम टाळून पुढे वायरींना दोष देत बसणारे पुष्कळ भेटतात.

हादऱ्यांचा बंदोबस्त अर्धा टँकमध्येच असतो: आतली पट्टी बाहेरच्या डब्याला चार छोट्या स्प्रिंगांनी टांगलेली असते. उरलेला अर्धा आपण करायचा. भोकांत रबरी ग्रोमेट घाला आणि स्क्रू रबर दबून चपटं होईल इतके आवळू नका, नाहीतर रबर असून नसल्यासारखं. फेंडरची पद्धत आणखी सोपी: टँक रेक्झिनच्या पिशवीत घालून पिशवी तळाच्या फळीला स्क्रूने धरायची. उघड्या बाजूला जाड पुठ्ठा हवाच. तो स्पीकरच्या हवेचा मारा थेट स्प्रिंगांवर येऊ देत नाही. पुठ्ठा स्प्रिंगांना टेकत नाही ना, एवढं पाहा.

वायरी ताणून ठेवू नका. ताठ वायरीतूनही हादरा टँकपर्यंत पोचतो. आउटपुटची वायर मेन्सच्या आणि स्पीकरच्या वायरींपासून दूर न्या. इनपुटचं सॉकेट मुद्दाम अलग ठेवलेलं असल्याने टँकच्या पत्र्याला अर्थ आउटपुटच्या वायरीतूनच मिळू द्या, दुसरी वायर जोडून ग्राउंड लूप करू नका.

शेवटी नेहमी वाजवता त्या आवाजावर, रिव्हर्ब वाढवून, गिटारच्या जाड तारांवर खालचे स्वर वाजवा. अॅम्प स्वतःहून घुमू लागला, तर आधी ग्रोमेट आणि पुठ्ठा तपासा, मग टँक स्पीकरपासून आणखी दूर न्या. कॅबिनेटला लाथ लागली की ढगांचा गडगडाट होतो तो दोष समजू नका. चांगल्या टँकमध्येही तो होतोच, आणि काही सर्फ गिटारवाले तो मुद्दाम करतात.