माळवदाचा गारवा आणि माळवदाचा भार

नांदेड-लातूरकडचे माळवदाचे घर वैशाखात थंड का राहते? जाड भिंती आणि माळवदाची माती दिवसभर ऊन पितात. ती धग आत पोचेपर्यंत सांज होते. म्हणून दिवसा दारे-झरोके मिटावीत, रात्री सताड उघडावीत. साठलेली ऊब निघून जाते. मात्र गळती थांबवण्यासाठी दरसाल माती चढवीत जाऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, याच दगडमातीच्या भाराखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. जाणत्या गवंड्याकडून जादा माती उतरवून घ्यावी, वर पांढरा चुना द्यावा; चुना ऊन परतवतो. गारवा हवाच, पण जिवाच्या मोलाने नव्हे.